संगणकावरचा पॅटर्न, अंगावरचा कपडा : फॅशनच्या विद्यार्थ्यांना पहिले सत्र शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

पुण्यातील एका संस्थेत फॅशन डिझाइनच्या विद्यार्थ्यांना मी शिकवायला लागले, तेव्हा सत्राची मांडणी मला अगदी सोपी वाटली होती. पहिले सहा आठवडे संगणकावर पॅटर्न, म्हणजे कपडा कापण्यासाठीचे आराखडे, आखायचे, पुढचे सहा आठवडे मशीनवर शिवायचे आणि उरलेल्या दिवसांत फिटिंग पाहायचे, असा माझा बेत होता. सातव्या आठवड्यात अठरा मुलींनी आपापले ब्लाउज कापले, ते शिवून झाले आणि अठराही ब्लाउज छातीत घट्ट निघाले. दोन दिवस आम्ही चूक शोधत होतो. आधी मापे तपासली, मग सूत्रे, मग शिवणीची मार्जिन. शेवटी एका मुलीने कागदी पॅटर्नच्या मध्यरेषेवर पट्टी ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, स्क्रीनवर हे छत्तीस सेंटिमीटर आहे, इथे साडेचौतीसच भरतंय." पॅटर्न पानात मावावा म्हणून प्रिंटरने सगळेच चार टक्क्यांनी लहान केले होते. नव्याने छपाई करून पुन्हा शिवले, तरी पाच ब्लाउज घट्टच राहिले, कारण त्यांच्यात आणखी निराळ्या चुका दडलेल्या होत्या.

त्यानंतर मी सत्राची सगळी मांडणी बदलली. बिघडलेल्या कपड्यातली चूक पाच ठिकाणी असू शकते : मापात, आखणीत, छपाईत, कापणीत किंवा शिलाईत. ती या पाचांपैकी नेमकी कुठे आहे हे ज्या विद्यार्थ्याला शोधून दाखवता येते, त्याला हे काम आले असे मी समजते. म्हणून सत्र असे आखावे, की एका वेळी एकच नवे ठिकाण उघडेल आणि आधीची ठिकाणे तपासून पक्की झालेली असतील. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांची तयारी पाहा

एकाच वर्गात फार वेगवेगळ्या तयारीचे विद्यार्थी येतात. कोणी आयटीआयमधून शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो, कोणाच्या घरी आई गेली वीस वर्षे गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवत असते, तर कोणी बारावीपर्यंत सुईत दोराही ओवलेला नसतो, पण संगणक मात्र सराईतपणे चालवतो. सर्वांना एकाच ठिकाणापासून शिकवायला घेतले, तर निम्मा वर्ग कंटाळतो आणि निम्मा मागे पडतो.

मी पहिल्या दिवशी दोन छोट्या परीक्षा घेते. प्रत्येकाला अर्धा मीटर मांजरपाट देऊन त्यातून २० बाय ३० सेंटिमीटरचा काटकोनी तुकडा कापायला आणि त्याच्या कडेपासून एक सेंटिमीटरवर चारही बाजूंनी टीप मारायला सांगते. मग संगणकावर स्वतःच्या नावाचा फोल्डर करून त्यात एक फाइल साठवायला आणि ती बंद करून पुन्हा उघडायला सांगते. तासाभरात चित्र स्पष्ट होते. मशीन येणारा आणि संगणक येणारा अशा जोड्या त्याच दिवशी लावाव्यात. मैत्रिणी-मैत्रिणींच्या जोड्या लावू नयेत, कारण त्यांत एकीने करायचे आणि दुसरीने पाहायचे असे हमखास होते.

२. सामान आणि कागदपत्रे आधी जमवा

सत्र सुरू होण्याआधी पुढील गोष्टी हाताशी असाव्यात.

– दर विद्यार्थ्यामागे किमान सहा मीटर मांजरपाट. रविवार पेठेतील कापडगंजात वर्गासाठी एकदम ठाण घेतले तर स्वस्त पडते. घेताना पन्हा विचारून लिहून ठेवावा आणि सर्वांसाठी एकाच ठाणातले कापड घ्यावे.
– हुक, बटणे, बकरम, उरेब पट्टी, टाचण्या आणि खडू. तुळशीबागेत हे सगळे एका फेरीत मिळते.
– खाकी कागद, ६० सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी, गुण्या, मुंढ्याची वक्रपट्टी, ट्रेसिंग व्हील.
– दोन कात्र्या, एक कापडाची आणि एक कागदाची. कापडाच्या कात्रीला लाल दोरा बांधून ठेवावा.
– एकाच कंपनीच्या मोजपट्ट्या. जुन्या कापडी टेप वापरून वापरून ताणल्या जातात, म्हणून दर सत्राच्या सुरुवातीला त्या स्टीलच्या पट्टीवर ठेवून तपासाव्यात. मला एकदा दीड मीटरमध्ये एक सेंटिमीटर लांबलेली टेप सापडली होती.
– दर विद्यार्थ्याचे माप-पत्रक, माप घेण्यासंबंधी संमतिपत्र, दुरुस्ती-नोंदवही आणि प्रत्येक कपड्याचे स्पेक शीट, म्हणजे तयार कपड्याची अपेक्षित मापे आणि चालण्याजोगा फरक लिहिलेला कागद.

सॉफ्टवेअरची निवड हा नव्या शिक्षकांना सर्वांत जास्त सतावणारा प्रश्न असतो. कारखान्यांत टुकाकॅड, गर्बरचे अ‍ॅक्युमार्क, लेक्ट्राचे मोडारिस अशी महागडी सॉफ्टवेअर्स चालतात, आणि गर्बर कंपनी तर २०२१ मध्ये लेक्ट्रानेच विकत घेतली. संस्थेकडे यांपैकी एखाद्याचा परवाना असेल, तर तेच शिकवावे. नसेल तर सीमली-टूडी हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर पहिल्या सत्रासाठी पुरेसे आहे. ते साध्या संगणकावर चालते आणि विद्यार्थ्याला घरीही वापरता येते. माझा कल त्याच्याकडे आहे, कारण त्यात प्रत्येक रेषेमागचे सूत्र उघडून पाहता येते आणि शिकणाऱ्याला त्याचीच सर्वांत जास्त गरज असते.

येथे दोन धोके आहेत. पेन ड्राइव्हवरून फिरणाऱ्या चोरीच्या प्रती वर्गात येऊ देऊ नयेत. त्या बेकायदेशीर तर असतातच, शिवाय व्हायरस घेऊन येतात. दुसरे म्हणजे सर्व संगणकांवर आणि विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअरची एकच आवृत्ती बसवून घ्यावी आणि सत्र संपेपर्यंत ती बदलू नये. नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडली नाही, की जमा करण्याच्या आदल्या रात्री तुमचा फोन वाजत राहतो.

मेनू इंग्रजीत असतात आणि मराठी माध्यमातून आलेली मुले त्यामुळे बिचकतात. पहिल्याच आठवड्यात भिंतीवर एक मोठा तक्ता लावावा : मुंढा म्हणजे आर्महोल, उरेब म्हणजे बायस (तिरपा धागा), पन्हा म्हणजे कापडाची विड्थ, टीप म्हणजे स्टिच, लूजिंग म्हणजे ईझ (अंगाच्या मापापेक्षा ठेवलेला सैलपणा). आईच्या तोंडून ऐकलेला शब्द आणि स्क्रीनवरचा शब्द एकाच वस्तूचे आहेत हे लक्षात आले, की मुलांची भीती निम्मी कमी होते.

३. माप : सर्वांत जास्त वेळ इथे द्या

नवे शिक्षक माप एका तासात उरकतात. मी पूर्ण आठवडा देते, आणि तो वाया गेला असे मला एकदाही वाटलेले नाही.

प्रथम माणसाचा विचार करावा. माझ्या दुसऱ्याच वर्षी एका मुलीची छाती आणि कंबर तिच्या जोडीदारणीने मोठ्याने वाचली, मागच्या बाकावर कोणीतरी हसले आणि ती मुलगी पुढचे चार दिवस वर्गात आली नाही. चूक माझी होती, कारण मी त्याबाबत काहीच नियम घालून दिला नव्हता. तेव्हापासून माप आडोशाला घेतले जाते, मुलींचे माप मुलीच घेतात आणि मुलांचे मुले, आकडा मोठ्याने वाचला जात नाही, आणि पत्रकावर नावाऐवजी क्रमांक असतो. ज्याला स्वतःचे माप द्यायचे नसेल, त्याने ड्रेस-फॉर्मचे, म्हणजे शिवणाच्या पुतळ्याचे, माप वापरावे. त्याबद्दल कारण विचारू नये.

मग पद्धत. कमरेला एक नाडी बांधून, वाकून-उठून ती जिथे स्थिरावते ती नैसर्गिक कंबर मानावी. प्रत्येक माप दोघींनी स्वतंत्रपणे घ्यावे आणि दोन्हींत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर तिसऱ्यांदा घ्यावे. ओढणी, जाड कुर्ता किंवा खिशातला मोबाइल यांच्यावरून टेप फिरवू नये.

आता ज्या चुकीमुळे सर्वाधिक ब्लाउज बिघडतात तिच्याकडे येते. आपल्याकडचे शिंपी मास्तर इंच आणि सुतांत बोलतात. एका इंचाची आठ सुते होतात, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिलिमीटरचे असते. विद्यार्थी टेपवर "नऊ इंच पाच सूत" वाचतो आणि संगणकात ९.५ लिहितो. वास्तविक ९.५ म्हणजे नऊ इंच चार सूत, आणि नऊ इंच पाच सूत म्हणजे ९.६२५. फरक फक्त एका सुताचा आहे, पण पॅटर्न घेराच्या चौथ्या भागावर आखला जातो, आणि छातीच्या त्या चौथ्या भागात तो आला, तर पूर्ण घेरात अर्धा इंच कमी पडतो आणि ब्लाउजचा हुक लागत नाही. यावर उपाय म्हणून माझ्या वर्गात फाइलमधील सर्व मापे सेंटिमीटरमध्येच लिहिली जातात. तरीही सूत शिकवणे मी सोडलेले नाही, कारण उद्या ही मुले ज्या मास्तरांच्या हाताखाली उभी राहतील ते "इथे दोन सूत दाबा" असेच सांगणार आहेत.

परदेशी पुस्तकांतील तयार साइझ-चार्ट पहिल्या सत्रात टाळावेत. आपल्याकडील शरीरांची ठेवण त्यांत बसत नाही, आणि म्हणूनच निफ्टला (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेला) इंडियासाइज हा देशभरातील मापे गोळा करण्याचा प्रकल्प हाती घ्यावा लागला. विद्यार्थ्याने आधी एका खऱ्या व्यक्तीसाठी बेतावे आणि तक्ते त्यानंतर हाताळावेत.

४. एकदा हाताने बेतू द्या

मापे पक्की झाली, की खाकी कागदावर पूर्ण आकारात चार टक्सचा (आकार देणाऱ्या चिमट्यांचा) साधा ब्लाउज हाताने आखायला लावावा. त्याला एक आठवडा पुरतो. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याची शक्यता असतेच, तेव्हा हे काम गुरुवारी ठेवले तर तासही वाया जात नाही.

ब्लाउजच का, असे मला अनेक जण विचारतात. परकर सोपा आहे हे खरे, आणि मशीनवर हात बसावा म्हणून मी सहा कळ्यांचा परकर पहिल्या दोन आठवड्यांत शिवून घेतेच. पण परकर सगळ्या चुका पोटात घालतो. ब्लाउज अंगाला बेताने बसणारा असल्यामुळे एका सुताची चूकही तो लपवत नाही, आणि आपल्याला तर चुका दिसायलाच हव्या आहेत.

हाताने आखताना पुढचा मुंढा मागच्यापेक्षा थोडा जास्त खोल का घ्यायचा, टक्सचे टोक छातीच्या उंचवट्याच्या अलीकडे का थांबवायचे, खांद्याचा उतार किती ठेवायचा, हे प्रश्न विद्यार्थी आपणहून विचारतात. संगणकावर तेच बिंदू माउसने टिचकी मारून ठेवले जातात आणि प्रश्न पडायला सवडच मिळत नाही.

५. तोच ब्लाउज संगणकावर आखा

नवा कपडा घेऊ नये. हाताने आखलेला कागद शेजारी भिंतीवर टाचावा आणि तोच संगणकावर उतरवावा. सीमली-टूडीमध्ये मापांची फाइल वेगळी आणि पॅटर्नची फाइल वेगळी असते. आधी मापांची फाइल तयार करून ती पॅटर्नला जोडायची असते. कोन उजवीकडून सुरू होऊन घड्याळाच्या उलट दिशेने मोजले जातात, म्हणजे उजवीकडे ०, वर ९०, डावीकडे १८० आणि खाली २७० अंश. हा एवढा तक्ता प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर असावा, नाहीतर निम्म्या वर्गाचे ब्लाउज उलटे वाढत जातात.

या पायरीवरचा मुख्य नियम असा, की आकडा लिहायचा नाही, सूत्र लिहायचे. छाती ९२ सेंटिमीटर आणि लूजिंग ४ सेंटिमीटर असेल, तर चौथा भाग २४ येतो. घाईत असलेला विद्यार्थी थेट २४ लिहितो आणि पॅटर्न अगदी बरोबर दिसतो. पण त्याने (छाती अधिक लूजिंग) भागिले चार असे सूत्र लिहिलेले असेल, तरच माप बदलल्यावर पॅटर्न बदलतो. २४ लिहिलेला पॅटर्न म्हणजे कागदावरचीच आखणी संगणकात नेऊन ठेवण्यासारखे आहे.

हे तपासण्यासाठी मी प्रत्येकाच्या फाइलमध्ये छातीचे माप ८६ वरून १०६ करून पाहते. ज्यांनी आकडे लिहिलेले असतात, त्यांची बाजूची रेषा जागची हलत नाही. त्याहून उद्बोधक प्रकार मुंढ्यात दिसतो. काहींनी सरळ रेषांना सूत्रे दिलेली असतात, पण मुंढ्याच्या वक्ररेषेचे वळण ठरवणारे बिंदू हाताने ओढून बसवलेले असतात. अशा वेळी पॅटर्न मोठा होतो आणि मुंढा मात्र हुकासारखा आत वळतो. वर्गाने मोठ्या पडद्यावर हे एकदा पाहिले, की वक्ररेषेलाही सूत्र लागते हे वेगळे सांगावे लागत नाही.

तुकडे वेगळे करण्याआधी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक दोन शिवणींची लांबी शेजारी-शेजारी लिहून काढायला सांगावी. पुढची आणि मागची बाजू, पुढचा आणि मागचा खांदा यांची लांबी जुळलीच पाहिजे. टक्स खांद्यात किंवा बाजूत येत असेल, तर तो मिटवून उरलेली लांबी धरावी. मग प्रत्येक तुकड्यावर उभ्या धाग्याची रेषा, नॉच (शिवताना तुकडे जुळवण्याच्या खुणा), तुकड्याचे नाव आणि किती कापायचे तो आकडा द्यावा. आपल्याकडे ब्लाउजच्या बाजूला पुढे उसवून सैल करता यावे म्हणून जास्त मार्जिन ठेवतात. ही जादा मार्जिन फाइलमध्ये फक्त त्याच शिवणीला द्यावी आणि तुकड्यावर ठळक लिहावी, कारण शिवणारा ती विसरला तर ब्लाउज अंगावर पोत्यासारखा लोंबतो.

६. छपाई : छोटी पायरी, मोठे नुकसान

प्रत्येक पॅटर्नच्या पहिल्या पानावर १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन असलाच पाहिजे. छापताना शंभर टक्के किंवा मूळ आकार हा पर्याय निवडावा आणि पानात मावेल असे करणारा पर्याय बंद ठेवावा. पहिले एकच पान छापून चौकोन पट्टीने आडवा आणि उभा, दोन्हीकडून मोजावा आणि मगच उरलेली पाने सोडावीत.

ए-४ पाने चिकटवून केलेला पॅटर्न शिकण्यासाठी ठीक आहे, मात्र प्रत्येक जोडावर एक मिलिमीटर सरकले, तरी पाच जोडांत अर्धा सेंटिमीटर जातो. कुर्त्यापासून पुढे मी आर्किटेक्ट आणि इंजिनिअर लोक जिथे नकाशे छापून घेतात, त्या प्लॉटरच्या दुकानात पाठवते. तिथे ३६ इंची रोलवर अखंड छपाई होते. दुकानदाराला "शंभर टक्के स्केल, फिट करू नका" असे तोंडी सांगावे, पाकिटावर लिहावे आणि कागद हातात पडल्यावर दुकानातच चौकोन मोजावा.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॅटर्न न्यायचा असेल, तर तो डीएक्सएफ स्वरूपात जातो. एकीकडे मिलिमीटर आणि दुसरीकडे इंच असे एकक राहिले, तर पॅटर्न २५.४ पट मोठा किंवा लहान उघडतो. फाइल बिघडली असे समजून मुले ती काढून टाकतात. खरे तर आयात करताना फक्त एकक बदलायचे असते.

७. मांजरपाटावर कापणी आणि शिलाई

मांजरपाट आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावा, कारण त्यात खळ असते आणि पहिल्या पाण्यात तो आटतो. पावसाळ्यात कापड वाळायला दोन-दोन दिवस लागतात, तेव्हा जुलै-ऑगस्टमधील वर्गाचे वेळापत्रक त्या हिशेबाने ठेवावे. कापडाची किनार पाहून उभा धागा ओळखावा. किनार कापून गेलेली असेल, तर एक धागा ओढून काढावा आणि त्या रेषेवर पॅटर्नवरची धाग्याची रेषा जुळवावी.

मांजरपाटासाठी १४ नंबरची सुई योग्य ठरते. ट्रायलची, म्हणजे अंगावर घालून पाहायच्या कच्च्या कपड्याची, टीप ४ मिलिमीटरची लांब ठेवावी, म्हणजे उसवणे सोपे जाते. पक्क्या शिलाईसाठी अडीच मिलिमीटरची, म्हणजे इंचाला साधारण दहा टाके येतील अशी ठेवावी. मशीनच्या पट्टीवर सुईपासून नेमक्या एक सेंटिमीटरवर रंगीत चिकटपट्टी लावून द्यावी. शिवण दोन मिलिमीटर आत गेली, तर काय बिघडते, असे मुलांना वाटते. त्यांना फळ्यावर हिशेब करून दाखवावा. एका शिवणीत दोन थर असतात, म्हणून दोन मिलिमीटरचे चार होतात. प्रिन्सेस कटच्या (टक्सऐवजी उभ्या शिवणींनी आकार दिलेल्या) ब्लाउजला घेरात सहा उभ्या शिवणी असल्या, तर एकूण २४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच कमी होतो.

बाही जोडणे हा सत्रातला सर्वांत अवघड भाग आहे आणि तो शिकवण्यासाठी मी दर वर्षी रविवार पेठेतील एका अनुभवी मास्तरांना बोलावते. तुम्हीही तुमच्या ओळखीच्या एखाद्या मास्तरांना मानधन देऊन बोलवावे, असा माझा आग्रह आहे. गेल्या वर्षी एका मुलीची बाही खांद्यावर चुण्या घेऊन उभी राहत होती. तिने बाहीची गोलाई मोजली होती, मुंढा मोजला होता, बाही अडीच सेंटिमीटर जास्त होती आणि तेवढी जास्त असायलाही हवी होती. मास्तरांनी ती बाही उलटी केली, शिवण दोन बोटांत धरून हळूहळू फिरवली आणि खांद्याच्या टोकाशी येऊन थांबले. "बाळ, तू सगळं जास्तीचं कापड इथे कोंबलंस. इथे धागा आडवा आहे, इथे ते खपायचं नाही. दोन्ही बाजूंना जिथे उरेब पडते तिथे सोड, तिथे ते आपोआप जिरतं." त्यांनी टीप उसवली, खांद्याच्या टोकाला बोटभर जागा सपाट ठेवली, उरलेले कापड पुढे आणि मागे वाटून दिले, आणि त्याच बाहीवरच्या चुण्या नाहीशा झाल्या.

ती मुलगी त्यानंतर संगणकाकडे गेली आणि तिने पॅटर्नमधील नॉच हलवले. मास्तरांच्या बोटांनी जे केले ते फाइलमध्ये नॉचच्या जागेवरून सांगता येते, हे तिला कोणीही शिकवले नव्हते. हा प्रवास वर्गात घडावा म्हणूनच आखणी आणि शिलाई एकाच आठवड्यात शेजारी-शेजारी ठेवायची असते.

८. दुरुस्ती फाइलमध्ये परत न्या

ट्रायल अंगावर चढवल्यावर आधी काहीही न बोलता सुरकुत्या पाहायला सांगावे. छातीवर आडव्या ताणलेल्या सुरकुत्या बहुतेकदा तिथे कापड कमी असल्याचे सांगतात. मानेपासून मुंढ्याकडे तिरप्या घड्या पडत असतील, तर खांद्याचा उतार शरीरापेक्षा कमी घेतलेला असण्याची शक्यता असते. टाचण्या लावून दुरुस्ती करावी, लाल पेनाने कापडावरच खूण करावी आणि किती सेंटिमीटर ते लिहावे.

नवे शिक्षक येथे एक सवलत देतात आणि ती महागात पडते. विद्यार्थी कागदी पॅटर्नवर पेन्सिलने दुरुस्ती करतो, कपडा नीट बसतो, सगळ्यांना समाधान वाटते, पण फाइलमध्ये जुनीच चूक राहते. माझ्या वर्गात कागद दुरुस्त करायला परवानगी नाही. कापडावरचा आकडा दुरुस्ती-नोंदवहीत जातो, तिथून फाइलमध्ये जातो, फाइल नव्या क्रमांकाने साठवली जाते आणि नवा कागद छापला जातो. एका वेळी एकच दुरुस्ती करावी. एकदम तीन जागा बदलल्या, तर कपडा कशाने सुधारला ते कोणालाच सांगता येत नाही.

नोंदवहीत दर दुरुस्तीसमोर एक रकाना असतो : चूक पाचांपैकी कोणत्या ठिकाणची. सुरुवातीला सगळे जण "आखणी" असेच लिहितात. शिवणीची मार्जिन आणि छापलेला चौकोन पुन्हा मोजायला लावल्यावर ते उत्तर अनेकदा बदलते.

९. थ्रीडी सर्वांत शेवटी

पडद्यावरच्या पुतळ्याला कपडा घालून दाखवणाऱ्या क्लोसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरचे मुलांना फार आकर्षण असते आणि ते शिकायलाच हवे, कारण उद्योगात नमुने मंजूर करण्याचे बरेच काम आता त्यावर चालते. त्यासाठी चांगले ग्राफिक कार्ड असलेला संगणक लागतो. पण दोन ब्लाउज स्वतः शिवून झाल्याशिवाय मी ते उघडू देत नाही. स्क्रीनवर ४२ सेंटिमीटरची शिवण ४५ सेंटिमीटरच्या शिवणीला बिनतक्रार जोडली जाते, आणि ज्याने मशीनवर ते तीन सेंटिमीटर जिरवण्यासाठी धडपड केलेली नाही, त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. त्यातील तयार पुतळा वापरण्याऐवजी माप-पत्रकातील मापे भरून पुतळा बदलून घ्यावा. कापडाचे गुणधर्मही हाताशी असलेल्या कापडाशी ताडून पाहावेत. खणाचे कापड निवडले असेल, तर त्याचा अरुंद पन्हा आणि काठ पॅटर्न मांडतानाच विचारात घ्यावे लागतात, हे पुतळ्यावर नेसवलेले सुंदर चित्र सांगत नाही.

१०. ग्रेडिंगची तोंडओळख आणि परीक्षा

ग्रेडिंग, म्हणजे एकाच पॅटर्नचे लहान-मोठे साइझ करणे, पहिल्या सत्रात ओझरते शिकवावे. आपल्याकडे ३४, ३६, ३८ अशा साइझमध्ये छाती दोन-दोन इंचांनी वाढते, म्हणजे चौथ्या भागात अर्धा इंच. खांद्याची शिवण मात्र जेमतेम एखादे सूत वाढते. सगळा पॅटर्न सरसकट टक्क्यांनी मोठा करणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. तसे केलेल्या मोठ्या साइझचे खांदे दंडावर उतरतात, हे एकदा शिवूनच दाखवावे.

परीक्षेत विद्यार्थ्याकडून फाइल, छापलेला कागद, तयार कपडा आणि दुरुस्ती-नोंदवही अशा चारही गोष्टी मागाव्यात आणि कपड्याच्या सुबकतेला निम्म्याहून कमी गुण ठेवावेत. उरलेल्या गुणांसाठी मी प्रत्येकाला एक पाकीट देते. त्यात माप-पत्रक, पॅटर्नची फाइल, कागद आणि शिवलेला ब्लाउज असतो, आणि पाच ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी मी आधीच चूक करून ठेवलेली असते. कधी छपाई ९६ टक्क्यांची असते, कधी ९ इंच ५ सुतांचे ९.५ झालेले असते, कधी एकाच बाजूची शिवण तीन मिलिमीटर आत असते. तीन तासांत त्यांनी चुकीचे ठिकाण, ते सिद्ध करणारे माप आणि दुरुस्तीचा आकडा असे तीन रकाने भरून द्यायचे असतात. पाकिटे सत्राच्या मध्यापासूनच तयार करायला घ्यावीत, कारण अठरा वेगवेगळ्या चुकांचे अठरा ब्लाउज शिवायला तुम्हालाही दोन आठवडे लागतील.